मागणीबरहुकूम गोंदण

कविता, कादंबरी, नाटक, फार तर एखादे चित्रप्रदर्शन, यांवर टीका लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. गोंदणावर टीकालेख लिहितो म्हटले तर घरातलीच माणसे हसतात. लोकसाहित्याचे अभ्यासक गोंदणाची नोंद घेतात, डॉक्टर त्याचे धोके सांगतात, म्हाताऱ्या बायका त्याचे पुण्य सांगतात. पण हे चित्र चांगले की वाईट, आणि चांगले असेल तर कशामुळे, हा साधा प्रश्न त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. मलाही तो पडला नसता. पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, आईच्या हातावरची तुळस रोज डोळ्यांपुढे होती, आणि तरी ती मी कधी नीट पाहिली नव्हती. यंदाच्या श्रावणात भाचीने तो प्रश्न माझ्या पुढ्यात आणून टाकला.

भाची पुण्यात नोकरी करते. कपर्दिकेश्वराच्या यात्रेसाठी म्हणून ती सोमवारी ओतूरला आली आणि रात्री जेवणे झाल्यावर तिने मोबाइलवर एक रेखाचित्र दाखवले. "मामा, हे आजीच्या हातावरचं. मी दंडावर काढून घेणार आहे. मार्गशीर्षातली तारीख मिळालीय, ॲडव्हान्सही भरला."

मग तिने अटी वाचून दाखवल्या. अठरा वर्षे पूर्ण असल्याचा दाखला. इसार परत मिळणार नाही, तारीख मात्र एकदा बदलता येईल. दंडाचे माप सेंटिमीटरमध्ये कळवायचे, मूळ गोंदणाचे उजेडातले फोटो पाठवायचे, कातडीला कशाचे वावडे असेल तर आधी सांगायचे. चित्र अगोदर दाखवतील. दोन वेळा दुरुस्ती सुचवता येईल. आदल्या रात्री मद्य नको, झोप पुरी हवी, उपाशीपोटी यायचे नाही, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून यायचे. सैल बाहीचा कपडा घालायचा. सुई सीलबंद पुडीतून तुमच्यासमोर काढली जाईल. हे सारे ऐकताना मला लग्नपत्रिकेची मुद्रिते तपासायला देणाऱ्या छापखान्याची आठवण झाली. फरक इतकाच, की पत्रिकेतली चूक चार दिवसांनी रद्दीत जाते.

रेखाचित्र सुबक होते. माझी पहिली हरकत तिथेच.

आईच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, तुळशीवृंदावन आहे. त्याखाली विंचू, आणि हनुवटीवर एक ठिपका. वृंदावनाचा पाया जरा कलता. तुळशीला उजवीकडे पाच पाने, डावीकडे तीन. चित्रकाराने पाया सरळ केला होता, दोन्हीकडे पाच-पाच पाने काढली होती आणि ठिपक्यांच्या जागी एकसंध रेघ ओढली होती. भाचीला त्यात वावगे वाटले नाही. एखाद्या चांगल्या संपादकाने खेडवळ लेखकाचे शुद्धलेखन सुधारावे, तसे हे काम होते. आणि अशा वेळी लेखनाबरोबर लेखकही सुधारून जातो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आता जुनी रीत पाहा. आईचे माहेर जुन्या आंबेगावात. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ते गाव पाण्याखाली गेले. आई आज चौऱ्याऐंशीची आहे. नवव्या वर्षी गोंदले, म्हणजे साधारण १९५० सालची गोष्ट. सुगी सरली की गोंदणारीण दारी येई. तिला तारीख कोणी विचारत नसे, तीच येई तेव्हा तारीख. दिव्याची काजळी खापरावर धरायची, ती पाल्याच्या रसात खलायची, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, आणि झाल्यावर वर हळद लावायची. मोबदला जोंधळ्याचा किंवा जुन्या लुगड्याचा. चित्र निवडायचे काम आजी किंवा चुलती करी. जिच्या अंगावर ते जन्मभर राहायचे, तिला फक्त हात पुढे करायचा असे. एकाच सुईने सगळ्या वाडीच्या पोरी गोंदल्या जात. त्यातून कोणकोणते आजार पसरले असतील, याचा विचार केला की सीलबंद पुडीबद्दल त्या चित्रकाराचे आभार मानावेसे वाटतात. जुने म्हणून सगळेच गोड मानणाऱ्यांतला मी नाही.

पण चित्र म्हणून पाहू लागलो की न्याय वेगळा करावा लागतो. गोंदणारणीजवळ नमुन्यांची वही नव्हती. तुळस, विंचू, चंद्रकोर, गोपद्म, लक्ष्मीची पावले, बाजूबंद: दहावीस आकृत्या तिच्या बोटांत होत्या, आणि त्या ती अंगठ्याच्या मापाने त्या त्या हातावर नव्याने मांडत असे. किडकिडीत मनगटावर तुळस उभी होई, भरल्या हातावर पसरे. म्हणून आमच्या आळीतल्या चार म्हाताऱ्यांच्या हातांवर तुळस एकच असली तरी चारही तुळशी निराळ्या आहेत. भाचीने मला त्याच चित्रकाराची इतर कामे दाखवली. प्रत्येक चित्र मागणीबरहुकूम, प्रत्येकाचा दावा असा की जगात दुसरे असे नाही. आणि वीस-पंचवीस पाहिल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच सिंह, एकच पीस आणि आकाशात उडणारी तीच पाखरे राहिली.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये (१९५५) लयीची तीन तत्त्वे सांगितली: संवाद, विरोध आणि समतोल. ती कवितेला लावण्यात आपण एवढे गुंतलो, की ती घरातल्या हाताला लावून पाहावीत असे कोणाला वाटले नाही. आईच्या वृंदावनात पायाचे ठिपके दाट आणि वरची पाने विरळ आहेत. पाया डावीकडे कलतो आणि पानांचा भार उजवीकडे आहे. समतोल साधला आहे तो या दोन ओढींमध्ये. पाच-पाच पाने काढणाऱ्याने दोन्ही बाजू सारख्या केल्या, आणि तराजूत मोजण्यासारखे काही ठेवलेच नाही.

मधली एक पायरी सांगायला हवी, नाहीतर वाचकाला वाटेल की गोंदणारणीनंतर एकदम पुण्यातला स्टुडिओ आला. मध्ये यात्रेतले मशीन आले. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ साली विजेच्या गोंदणयंत्राचे पेटंट घेतले, तेही एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून सुचलेले. ते यंत्र फिरत फिरत आपल्या जत्रांत पोचले. माझ्या लहानपणी मांडवीच्या काठी पाळण्याशेजारी बॅटरीवर घरघरणारे मशीन घेऊन एक माणूस बसे. मागे पुठ्ठ्यावर ॐ, त्रिशूळ, मारुती, बदाम. नावाला अक्षरामागे दर. त्याचे काम मी कलेत धरत नाही. पण त्याने एक मोठे काम केले, बायकांच्या हातावर नवऱ्याचे नाव आणले. जे नाव तोंडाने घ्यायचे नाही, उखाण्यात अडवूनच घ्यायचे, ते हातावर उघडे. आणि जिच्या हातावर ते असे, तिला बहुधा वाचता येत नसे. या विसंगतीवर एखादी उत्तम कथा होईल.

अक्षरांचा विषय निघालाच आहे, तर मास्तर म्हणून थोडे अधिक बोलतो. देवनागरी गोंदवणे फार कठीण काम आहे, आणि ते सर्रास वाईट होते. शाई कातडीच्या वरच्या थरात राहत नाही, खालच्या थरात बसते, आणि वर्षांच्या ओघात थोडी पसरते. म्हणून 'ब' आणि 'ष' यांच्या पोटातली पोकळी आधी बुजते. रोमन लिपीपेक्षा आपल्या अक्षरांना ऐसपैस जागा लागते ती यासाठी. त्यात संगणकावरून उतरवलेली जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. एका तरुणाच्या पोटरीवर मी 'आशिर्वाद' पाहिला आहे. हात शिवशिवला, पण तिथे लाल शाई चालत नाही. ज्यांना मागणीबरहुकूम अक्षरे हवी असतील त्यांनी चित्र पसंत करण्याआधी ते व्याकरण जाणणाऱ्या कोणालातरी दाखवावे, आणि अक्षर बोटाच्या पेरापेक्षा लहान नको म्हणून हट्ट धरावा. सैन्यात जायची उमेद असलेल्या मुलांनी आणखी एक पाहावे: भरतीत गोंदण चालते ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागल्या बाजूला. आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. मढच्या पलीकडल्या ठाकर, महादेव कोळी मुलांना ती ठाऊक असलेली बरी. आणि गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

मूळ मुद्द्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर आईचा हात उजेडात धरून भाची फोटो काढत होती, तेव्हा खरा पेच उभा राहिला. नक्कल करायची ती कशाची? १९५० साली गोंदले तेव्हा ठिपके सुटे आणि काळे असतील. आज ते निळसर हिरवे आहेत, एकमेकांत मिसळले आहेत, कातडीच्या सुरकुत्यांबरोबर वळले आहेत. हा डाग म्हणायचा की चित्राचाच भाग? जुन्या भित्तिचित्राला नवा रंग द्यावा की नाही, यावर जाणकारांत कायम वाद असतो. इथे भिंतच जिवंत आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की कातडीतली शाई काही पेशी गिळून धरून ठेवतात. त्या मेल्या की शाई सुटते आणि नव्या पेशी ती पुन्हा उचलतात. म्हणजे आईच्या हातावरची तुळस एकदा काढली गेली आणि मग पाऊणशे वर्षे तिच्या शरीराने ती हातोहात पुढे दिली. हे जुनेपण नक्कल करून आणता येत नाही. अस्पष्ट रेघ मुद्दाम अस्पष्ट गोंदली, तर ती वीस वर्षांत नुसता डाग होईल. आणि मूळ कसे होते ते कोणालाच दाखवता येत नाही. ते गाव, ते घर, ती गोंदणारीण, काहीच उरलेले नाही.

भाची फोटो काढून झाल्यावर म्हणाली, "आजी, डावीकडची दोन पानं पुसली गेलीत ना? त्यांनी ती पुरी करून दिलीत."

आई हसली. "पुसली कुठं? काढलीच न्हाईत. लई दुखत व्हतं. मीच हात वढून घेतला आन् पळाले. परत बसलेच न्हाई."

या एका वाक्याने माझी समतोलाची सगळी मीमांसा अर्धी कोसळली, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. जिला मी लय म्हटले ती एका नऊ वर्षांच्या पोरीची कळ होती. अर्धी कोसळली, पुरी नाही: गोंदणारणीने पाच पाने ठरवली होती आणि पाया कलता ठेवला होता, तो तिचा हात, तीन पाने राहिली ती आईची करणी. कवितेत आपण कवीचा हेतू आणि झालेली कविता यांत भेद करतो. तो भेद इथे दोन माणसांमध्ये वाटलेला आहे. यात्रेच्या दिवशी कपर्दिकेश्वराला कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. इतके नाजूक काम, आणि ते टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. गोंदणात मात्र पोरीने हात हिसकला तो क्षणसुद्धा टिकून राहतो.

गोंदणाकडे दागिना म्हणून पाहणारे एक आणि जखम म्हणून पाहणारे दुसरे, असे दोन पक्ष नेहमी दिसतात. कंपनी सरकारच्या काळात बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत, आणि ती चाल १८४९ साली बंद झाली; त्याच काळात त्याच सुईने घरोघर पोरी नटत होत्या. शांता शेळक्यांनी १९७५ च्या आपल्या कवितासंग्रहाला 'गोंदण' हे नाव दिले. शेळक्यांचे मंचर आमच्या शेजारचेच. तिथल्या बायकांच्या हातांवर हीच तुळस असे. त्या नावात मला तरी दागिना आणि कळ दोन्ही ऐकू येतात, आणि आपल्या वाङ्मयात या कलेवर झालेली ती सर्वांत नेमकी टीका वाटते, तीही एका शब्दाची.

भाचीने त्या दिवशी चित्रकाराला लांबलचक निरोप पाठवला. दोन दुरुस्त्यांपैकी एक वापरली. चित्रकार माणूस समजूतदार निघाला. त्याने विचारले, तीन पाने हवीत का? मी म्हटले, नकोत; ती तीन पाने आजीची आहेत, न रडता ती काढून घेणे हे खोटे ठरेल. भाची म्हणाली, पाच-पाचही नकोत. शेवटी तिने एवढेच कळवले, की रेघ नको, ठिपके हवेत. मशीन न लावता हाताने काढता आले तर अधिक वेळाचे पैसे देईन. आणि पाने किती ते कागदावर ठरवू नका, दंडावर बसतील तेवढी काढा. उत्तर आले: हाताने करतो, पण दोन बैठका लागतील, आणि आधी छाप उमटवून न घेता काढले तर मागाहून तक्रार चालणार नाही. तिने कबूल केले. माझ्या मते या सबंध व्यवहारात कलेची खरी मागणी नोंदवली गेली ती इथे.

मी आईला विचारून पाहिले, की तूच पेनाने तिच्या दंडावर चार ठिपके काढून दे, तेच तो गोंदील. तिने साफ नकार दिला. "मला कुठं येतंय? ते तिलाच येत व्हतं."

कातडी मऊ राहावी म्हणून भाचीने आतापासून रोज दंडाला तेल लावावे, हेही सूचनांत आहे. दिवाळीला आली तेव्हा आईनेच ते चोळून दिले. चोळता चोळता तिने विचारले, "आन् तिथं हात कोन धरनार तुझा?"

"कोणी नाही गं. स्वतःच स्थिर धरायचा. सोबत एक माणूस चालतं फक्त."

आईने तेलाची वाटी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि मला विचारले, पुण्याची पहिली एस.टी. आता किती वाजता सुटते.