मागच्या दाराची चिठ्ठी

शाळेच्या कार्यालयात दाखला मागायला पालक येतात, तेव्हा काय घडते ते आठवून पाहा. पालक खिडकीपाशी उभे राहतात. खिडकीवरचे लिपिक त्यांची ओळख पटवून घेतात, किरकोळ कामे तिथल्या तिथे उरकतात आणि ज्या कामासाठी जनरल रजिस्टर उघडावे लागते, त्याची एक चिठ्ठी आतल्या खोलीत पाठवतात. आतले लिपिक चिठ्ठी वाचून दाखला तयार करतात. पालक कोण, हे ते पुन्हा विचारत नाहीत. चिठ्ठी खिडकीवरून आली आहे, एवढे त्यांना पुरेसे असते.

महाजालावरील अनेक संकेतस्थळांची रचना अशीच असते. खिडकीवर वेब सर्व्हर बसलेला असतो. १९९५ साली सुरू झालेला अपाची हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आतल्या खोलीत जावा भाषेतील आज्ञावल्या चालवणारा अॅप्लिकेशन सर्व्हर असतो, उदाहरणार्थ, टॉमकॅट. या दोघांमध्ये जी चिठ्ठी फिरते, तिच्या मसुद्याला ए.जे.पी. म्हणतात. आपण पुस्तकाचे गुणदोष पाहतो, तसे या मसुद्याचेही पाहायला हवेत. कारण तोही माणसांनीच लिहिलेला आहे आणि त्यातील एका चुकीची किंमत पुढे अनेकांना मोजावी लागली.

आधी गरज समजून घेऊ. सुरुवातीच्या काळात संकेतस्थळावरून एखादी आज्ञावली चालवायची, तर प्रत्येक मागणीसाठी ती नव्याने सुरू करावी लागे. मागण्या वाढल्या की यंत्र दमून जाई. १९९७ च्या सुमारास आलेल्या जावा सर्व्हलेट या पद्धतीत आज्ञावली एकदा स्मृतीत बसली की तिथेच राहते आणि एकामागून एक मागण्या हाताळते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आपला सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर १९९९ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिला. तोच टॉमकॅट.

मग टॉमकॅटलाच खिडकीवर का बसवले नाही? त्याला दोन कारणे होती. चित्रे, साधी पाने अशा तयार फायली पाठवण्यात त्या काळी अपाची सरस होता. दुसरे कारण युनिक्सच्या नियमात आहे. १०२४ च्या खालचे पोर्ट उघडण्याचा अधिकार तिथे फक्त मुख्य प्रशासकाला असतो आणि संकेतस्थळाचे नेहमीचे पोर्ट ८० आहे. अपाची हे पोर्ट उघडून लगेच आपले जादा अधिकार सोडून देतो. जावा आज्ञावलीला हे स्वतःहून जमत नाही. म्हणून अपाची पुढे आणि टॉमकॅट मागे, ही वाटणी शहाणपणाचीच होती.

चिठ्ठीचा मसुदाही त्या काळाच्या मानाने चांगला होता. ए.जे.पी.च्या १.३ या आवृत्तीत नेहमी लागणाऱ्या शब्दांना ठरावीक अंक दिले आहेत. 'कंटेन्ट-लेन्थ' या इंग्रजी नावात १४ चिन्हे आहेत, पण चिठ्ठीत ते २ बाइटमध्ये मावते. दोन सर्व्हरांमधली जोडणी एका मागणीनंतर तोडली जात नाही, पुढच्या मागणीसाठी तीच वापरतात. खिडकीवर जमलेली माहितीही नीट पुढे जाते: पाहुण्याचा पत्ता कोणता, त्याचे बोलणे सांकेतिक रूपात आले होते का, त्याचे नाव पटवले असल्यास ते काय. एवढी कामे इतक्या थोडक्या जागेत बसवणाऱ्यांचे कौतुक केलेच पाहिजे.

आता दोष पाहू. पहिला दोष असा की आज्ञावली आधी झाली आणि तिचा लेखी मसुदा मागाहून आला. ए.जे.पी.चे जे वर्णन पुढे सर्वत्र वापरले गेले, ते डिसेंबर २००० मधले आहे. आपण या मसुद्याचे रचनाकार नाही, चालू आज्ञावली वाचून हे लिहिले आहे आणि काही निर्णयांमागची कारणे आपल्याला सांगता येणार नाहीत, असे त्याच्या लेखकाने त्यात प्रामाणिकपणे नोंदवले आहे. प्रयोग झाल्यावर वही दुसऱ्याने लिहावी, तसा हा प्रकार. निरीक्षणे उतरतात, पण 'असे का केले' हे हरवते.

दुसरा दोष दोन नियमावल्यांचा. टॉमकॅटमध्ये 'वेब-इन्फ' नावाचे एक फोल्डर असते. त्यात आज्ञावलीची अंतर्गत मांडणी असते, कित्येकदा माहितीकोशाचा परवलीचा शब्दही असतो. ते बाहेर दाखवायचे नाही, हा टॉमकॅटचा नियम. अपाचीला मात्र हा नियम ठाऊक नसतो. चित्रे लवकर मिळावीत म्हणून कोणी अपाचीलाही तेच मूळ फोल्डर दाखवले आणि वेगळी बंदी घातली नाही, तर आतल्या खोलीत कुलपात असलेले कागद खिडकीवरून बिनदिक्कत वाटले जातात. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर वागले, चूक मधल्या जागेत झाली.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. आतला सर्व्हर चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, पण चिठ्ठी खरोखर खिडकीवरूनच आली हे कशावरून? ही जोडणी फक्त विश्वासातल्या जाळ्यात वापरावी, हे रचनेतले गृहीत होते. प्रत्यक्षात टॉमकॅट उतरवून घेतला की ए.जे.पी.ची जोडणी आपोआप चालू होई आणि ८००९ या पोर्टवर यंत्राच्या सर्व पत्त्यांवरून येणाऱ्या चिठ्ठ्या स्वीकारू लागे. म्हणजे आतल्या खोलीचे मागचे दार थेट रस्त्यावर उघडे. मध्ये संरक्षक भिंत नसेल, तर कोणीही तिथून चिठ्ठी सरकवावी.

फेब्रुवारी २०२० मध्ये चायटिन या चिनी सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी शोधलेली त्रुटी 'घोस्टकॅट' या नावाने जाहीर झाली. चिठ्ठीत पाठवणाऱ्याला स्वतःची काही जादा टिपणे जोडता येत. ती विशिष्ट प्रकारे लिहिली की टॉमकॅट त्यांना स्वतःचाच अंतर्गत आदेश समजे आणि 'वेब-इन्फ'मधील फायलीही वाचून दाखवी. त्या संकेतस्थळावर फायली चढवण्याची सोय असेल, तर हल्लेखोराला स्वतःची आज्ञावली चालवणेही शक्य होते. दुरुस्ती ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांत झाली. त्यांत ही जोडणी मुळातच बंद ठेवली, चालू केली तरी ती सांगितल्याशिवाय त्या यंत्राबाहेरचे ऐकत नाही आणि ठरवलेला गुप्त शब्द दिल्याखेरीज सुरू होत नाही.

गुप्त शब्दाची सोय टॉमकॅटमध्ये पूर्वीपासून होती, पण ऐच्छिक. अपाचीच्या बाजूला 'मॉड-जेके' या जोडभागात तो देता येई. अपाचीबरोबरच मिळणाऱ्या 'मॉड-प्रॉक्सी-एजेपी' या दुसऱ्या जोडभागात मात्र ती सोय २.४.४२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० मध्येच आली. कुलूप एका घरात आणि किल्ली घडवायची दुसऱ्या घरात राहिली, तर कुलूप असून उपयोग काय?

त्या वर्षी मी आमच्या प्रयोगशाळेतले यंत्र तपासले. उपकरणांच्या वेळा नोंदवण्यासाठी आम्ही त्यावर टॉमकॅट बसवला होता. ८००९ हे पोर्ट उघडे होते. आम्ही ए.जे.पी. कधी वापरलेच नव्हते, त्याच्यापुढे अपाचीही नव्हता. कोणी ते उघडले नव्हते आणि म्हणूनच ते बंद करणे कोणाला सुचले नव्हते. जोडणी मीच केली होती, त्यामुळे दोष देण्यासाठी दुसरे कोणी सापडले नाही.

यावर काही जण म्हणतात, ए.जे.पी. सोडा आणि साध्या एच.टी.टी.पी.ने दोन सर्व्हर जोडा. हा सल्ला पुष्कळदा योग्य आहे. एच.टी.टी.पी.ची चिठ्ठी डोळ्यांनी वाचता येते आणि ती सांकेतिक रूपात पाठवणेही सोपे. ए.जे.पी.त ही सोय नाही. पण मूळ प्रश्न सुटत नाही. तिथेही पाहुण्याचा पत्ता 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' नावाच्या ओळीत लिहून आत पाठवतात आणि ही ओळ कोणालाही खोटी लिहिता येते. आतल्या सर्व्हरने ती कोणाकडून आली तर मानायची, हे ठरवावेच लागते. मसुदा बदलला तरी गृहीत बदलत नाही.

भूमितीचे प्रमेय फळ्यावर लिहिताना आपण आधी पक्ष लिहितो, मग साध्य, मग सिद्धता. पक्ष न लिहिता सिद्धतेला हात घालणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो. ए.जे.पी.ची सिद्धता नीटनेटकी होती. 'चिठ्ठी पाठवणारा विश्वासाचा आहे' हा त्याचा पक्ष मात्र कागदपत्रांत राहिला आणि यंत्रातल्या मूळ मांडणीत त्याच्या उलट लिहिले गेले. कागद फार थोडे लोक वाचतात, मूळ मांडणी मात्र सगळे जशीच्या तशी वापरतात. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

शाळेत संगणक शिकवताना दोन सर्व्हर जोडून दाखवण्याचा प्रसंग आला, तर आज्ञा टंकण्यापूर्वी विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढायला सांगावी. प्रत्येक बाणापाशी एकच प्रश्न लिहावा: हा निरोप कोणाकडून आला, हे घेणाऱ्याला कसे कळते? ज्या बाणापाशी उत्तर लिहिता येत नाही, ते दार आधी बंद करावे आणि मगच यंत्र सुरू करावे.