जवळून टिपलेले पाखरू

पक्ष्यांची छायाचित्रे हल्ली दिनदर्शिकांवर, मुखपृष्ठांवर आणि भ्रमणध्वनींवर इतकी येतात की, त्यांतले चांगले कोणते हे विचारणेही कोणास सुचत नाही. आम्हांस ते विचारावेसे वाटते. देवळाच्या आवारातील जास्वंदीला लोंबकळून मध पिणारा शिंजीर आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. चित्रात मात्र तोच शिंजीर एका सुट्या काटकीवर बसलेला असतो आणि मागे गुळगुळीत हिरवा पडदा! पिसन्‌पीस मोजून घ्यावे. पण पाखरू कोणत्या झाडावरचे, काय करीत होते, याचा पत्ता नाही.

दोष सगळा यंत्राचा नव्हे. लांब पल्ल्याच्या भिंगाने जवळचे पाखरू टिपताना स्पष्टतेचा पट्टा जेमतेम बोटभर उरतो. डोळा साधला तर शेपूट पुसट होते, आणि मागचे रान विरघळते, हे खरे. परंतु ती काटकी पुष्कळदा माणसानेच, पाणवठ्याशी किंवा दाण्यांपाशी, रोवलेली असते.

आडोशाला बसण्यास आमची हरकत नाही. यॉर्कशरचे रिचर्ड व चेरी कीअर्टन हे बंधू तर पोकळ बैलाच्या सोंगात दडून पक्षी टिपीत. त्यांचे १८९५ सालचे घरट्यांवरील पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत रानातील छायाचित्रांनी सजलेले होते. साधने ओबडधोबड असूनही त्या चित्रांत घरट्याभोवतीचे गवत आहे, जागा आहे. आजच्या तलख चित्रांहून आम्हांस ती सरस वाटतात.

घरट्याजवळचा उतावळेपणा मात्र अक्षम्य होय. चित्र स्वच्छ यावे म्हणून आड येणारी पाने खुडली की पिल्ले उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. एरिक हॉस्किंग हा नामांकित इंग्रज छायाचित्रकार १९३७ साली घुबडाच्या घरट्याजवळच्या आडोशाकडे जात असता घुबडाने झेप घातली व त्याचा एक डोळा गेला. घुबडाला नख्या आहेत. आमच्या शिंप्याला नाहीत. तो फार तर ओरडेल, आणि घरटे सोडून जाईल.

असे चित्र कितीही नेटके असले तरी ते आम्ही चांगले म्हणणार नाही. याउलट, शिंप्याने धाग्यांनी टाचलेले पान, त्यामागची फांदी, आणि कोपऱ्यात चोचीत अळी धरून थबकलेला अंगठ्याएवढा शिंपी, शेपूट किंचित पुसट, असे चित्र कोणी आणून दिले, तर त्यासाठी आम्ही या अंकाचे अख्खे पान मोकळे ठेवू.