अर्क, उंदीर आणि आपले डोळे

गेल्या वर्षी जानेवारीत माझा एचबीए१सी ७.१ निघाला आणि आमच्या घराण्यातल्या 'गोडव्या'चा मीही रीतसर वारसदार झालो. त्याच महिन्यात मंडळाची संक्रांत होती. तिळगुळाला नको म्हटलं आणि बातमी हॉलभर झाली. कार्यक्रम संपल्यावर मंडळाचे एक जुने सभासद, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, पार्किंग लॉटमध्ये गाठून म्हणाले, "अरे, तू डॉक्टर ना?"

"काका, मी इंजिनिअरिंगचा डॉक्टर. आता तर नुसतं सॉफ्टवेअर लिहितो."

"मग उत्तमच. तुला आकडे कळतात. हे वाच आणि सांग." आणि एक जाडजूड फोल्डर माझ्या हातात आला. आत मधुमेहामुळे रक्तवाहिन्यांना होणाऱ्या विकारांवर वनस्पतींचे अर्क कसे गुणकारी आहेत, याविषयीचे पंधरा-वीस शोधनिबंध, ठिकठिकाणी पिवळ्या शाईने अधोरेखित केलेले. काका स्वतः सात-आठ वर्षं बिबळा, मेथी आणि गुडमार यांची पूड घेत होते.

फोल्डर मी ऑक्टोबरपर्यंत उघडला नाही. त्याबद्दल पुढे लिहीनच. आधी वाचून काय वाटलं ते.

पहिले तीन निबंध वाचल्यावर चौथ्यात काय असणार हे सांगता येऊ लागतं. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचायचं. हे रसायन स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारतं, काही दिवसांत उंदराची साखर ३०० च्या वर जाते. मग चार ते आठ आठवडे रोज एखाद्या सालीचा किंवा पानांचा अर्क नळीने पोटात घालायचा. शेवटी महाधमनीच्या बारीक चकत्या कापून द्रावणात टांगायच्या, एका औषधाने त्या आकुंचित करायच्या आणि दुसऱ्याने किती सैल पडतात ते मोजायचं. अर्क घेतलेल्या उंदराची धमनी जास्त सैल पडते. आलेख सुरेख असतो. आणि निष्कर्षात एक वाक्य ठरलेलं : म्हणून हा अर्क मधुमेहाच्या रक्तवाहिनी-विकारांवर उपयुक्त ठरू शकेल. 'ठरू शकेल'मधला 'शकेल' वर्तमानपत्रापर्यंत पोचताना गळतो आणि कॅप्सूलच्या बाटलीवर त्याचा मागमूसही राहत नाही.

प्रयोग खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ते जिथे थांबतात, तिथे माझी हरकत आहे. बीटा पेशी मारलेला उंदीर म्हणजे पन्नाशीत पोट सुटलेला मराठी माणूस नव्हे. आपला मधुमेह बहुतेक वेळा टाइप २, म्हणजे इन्सुलिन असूनही ते नीट न चालण्याचा. डोळ्याच्या पडद्यामागच्या आणि मूत्रपिंडातल्या केशवाहिन्या बिघडायला दहा-वीस वर्षं लागतात. आठ आठवड्यांच्या धमनीवरून त्या वीस वर्षांबद्दल बोलणं म्हणजे पुलाच्या एका बोल्टवर एक दिवस वजन टांगून पूल पन्नास वर्षं टिकेल असं लिहून देणं. असा रिपोर्ट माझ्याकडे कोणी आणला तर मी सही करणार नाही.

मग मात्रेचा प्रश्न. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असं धरू. उंदरावरून माणसाची मात्रा काढताना साधारण ६.२ ने भागतात. सत्तर किलोच्या माणसाला रोज सुमारे साडेचार ग्रॅम अर्क झाला. वाळलेल्या सालीतून दहा टक्के अर्क निघतो म्हटलं, तर रोजची ४५ ग्रॅम साल! काकांचा चमचा फार तर पाच ग्रॅमचा. शिवाय निबंधांतला अर्क बहुधा मिथेनॉल नाही तर इथेनॉलमध्ये काढलेला, काकांचा गरम पाण्यातला. नाव एक, वस्तू दोन.

उंदरापासून माणसापर्यंतच्या वाटेवर काय होतं याचा एक जुना धडा आहे. साखर वाढली की अल्डोज रिडक्टेज नावाचं एन्झाइम तिचं सॉर्बिटॉल करतं, ते साचून डोळ्यातल्या पेशी बिघडतात, असा सिद्धान्त होता. १९७७ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालं, की डेगू नावाच्या चिलीतल्या कृंतक प्राण्यांना क्वेर्सिट्रिन हे वनस्पतींमधलं फ्लॅव्होनॉइड दिल्यावर त्यांचा मधुमेही मोतीबिंदू लांबला. केवढी आशा! त्याच एन्झाइमला रोखणारी जोरकस औषधं मग प्रयोगशाळेत बनली. त्यातलं सॉर्बिनिल जवळजवळ पाचशे रुग्णांना देऊन पाहिलं, आणि १९९० मध्ये निकाल आला : रेटिनोपथीवर म्हणण्यासारखा परिणाम नाही. त्या वर्गातलं एक औषध आजही जपानात आणि भारतात मज्जातंतूंच्या त्रासासाठी मिळतं, पण डोळ्यांची आशा तिथेच संपली. काकांच्या फोल्डरमधले चार निबंध मात्र अजून 'हा अर्क अल्डोज रिडक्टेज रोखतो' एवढ्यावरच टाळी मागतात.

बिबळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्याचा पेला आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आहे. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी ते तांबूस होतं आणि उजेडात निळसर झाक मारतं. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची बिबळ्यावरची चाचणी प्रसिद्ध झाली, नव्यानेच मधुमेह निघालेल्या ९७ जणांवर. बारा आठवड्यांत ६९ टक्के लोकांची साखर आटोक्यात आली. काम प्रामाणिक आहे, लपवाछपवी नाही. पण ती खुली चाचणी होती, तुलनेला दुसरा गट नव्हता. मधुमेह नुकताच कळलेला माणूस भात कमी करतो, चालायला लागतो, त्यानेही साखर उतरते. आणि मोजली ती साखर. डोळा कोणी तपासला नाही, कारण बारा आठवड्यांत डोळ्यात दिसणार तरी काय?

यावरून कोणी मला झाडपाल्याचा शत्रू समजू नये. मी रोज घेतो ती मेटफॉर्मिन गोळी युरोपातल्या गलेगा नावाच्या झुडपाच्या अभ्यासातून आली. त्याहून मोठी गोष्ट सफरचंदाच्या सालीची, म्हणजे झाडाच्या सालीची. तिच्यातून १८३५ साली फ्लोरिझिन काढलं गेलं. १८८६ मध्ये फॉन मेरिंगने दाखवलं, की ते कुत्र्यांना दिलं तर लघवीतून साखर जाते. पण ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, वाटेतच तुटतं. रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूची जोडणी बदलली, तेव्हा ग्लिफ्लोझिन वर्गातल्या गोळ्या मिळाल्या. आणि २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचा निकाल आला : किडनी बिघडलेले ४,४०१ मधुमेही, तुलनेला नुसती गोळी घेणारा गट, सुमारे अडीच वर्षं. किडनी निकामी होणं, क्रिएटिनिन दुप्पट होणं, किडनीमुळे किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचा मिळून धोका ३० टक्क्यांनी कमी. रक्तवाहिन्यांच्या विकारांवर वनस्पतीने दिलेलं हे खरंखुरं औषध, आणि त्याला झाडापासून इथवर यायला १८४ वर्षं लागली! म्हणून कोणी सफरचंदाच्या झाडाची साल उकळून प्यावी असं होत नाही.

जाता जाता, २००८ मध्ये 'जामा'त आलेली पाहणी. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एकपंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ज्याची किडनी आधीच नाजूक, त्याने हे जरूर लक्षात घ्यावं.

असो. आता ऑक्टोबरबद्दल.

काकांची सकाळची साखर १३०-१४० असायची, तेवढ्यावर ते खूश होते. निबंधांत रक्तवाहिन्या सुधारतात असं वाचल्यामुळे डोळ्यांची चिंता त्यांनी सोडून दिली होती. बाहुली मोठी करून करायची तपासणी चार वर्षं झालीच नव्हती, "चष्म्याचा नंबर तोच आहे, मग कशाला?" ऑक्टोबरात गाडी चालवताना डाव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले. आत रक्तस्राव झाला होता. लेझर झालं, इंजेक्शनं चालू आहेत, पण त्या डोळ्याची नजर पूर्ण परत आलेली नाही. रात्री गाडी चालवणं बंद. फोल्डर मी जानेवारीतच वाचला असता, तर फोन करून निदान एक प्रश्न विचारला असता : काका, डोळे शेवटचे कधी तपासले? तो तेवढे महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होता, टॅक्सच्या कागदांखाली.

परवा तो परत द्यायला गेलो. वर लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही, जे काकांच्या बाबतीत नवलच. मग स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघून म्हणाले, "मग हा बिबळ्याचा पेला टाकून देऊ का रे?"

"ठेवा की. मात्र पूड घेताय हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही सांगा. शुक्रवारी साडेआठला मी न्यायला येतो."

"सव्वाआठला ये," काका म्हणाले. "त्या रस्त्यावर सकाळी ट्रॅफिक असतो."