सेट झालात का?

इंग्रजी भाषेत एकूण शब्द किती, या चौकशीत मी कधी पडलो नाही. बी.कॉम. होण्यापुरते मला आले आणि बँकेत चिकटण्यासाठी त्याहूनही कमी पुरले. पण त्या भाषेची एक खोड मात्र माझ्यातल्या कारकुनाला खटकते. एक टीचभर शब्द घ्यायचा आणि त्याच्याकडून इतकी कामं करून घ्यायची, की आमच्या शाखेतल्या शिपायालाही त्याची दया यावी. वर त्याला ओव्हरटाइम नाही!

‘सेट’ हा असाच एक राबवून घेतलेला शब्द. नाटकाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं, तसं या शब्दाचंही एकदा व्हायला हवं असं मला बरेच दिवस वाटत होतं. कारण हल्ली तो पुस्तकात कमी आणि आपल्या दिवाणखान्यात जास्त दिसतो.

आधी त्याचं मोठेपण मान्य करू. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तीत एकट्या ‘सेट’चे ४३० अर्थ नोंदले होते आणि ते समजावून सांगायला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले होते. आता आपल्याकडचा हिशोब बघा. मोल्सवर्थसाहेबांनी कँडी बंधूंच्या मदतीनं मराठी-इंग्रजी कोश केला. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती म्हणजे सगळी मराठी भाषा मिळून सुमारे ६०,००० शब्द. इकडे साठ, तिकडे साठ! पण आकडे जुळले म्हणून ताळेबंद जुळला, असं फक्त नवशिका कारकून म्हणतो. मोल्सवर्थनं मोजले ते खातेदार. ऑक्सफर्डनं मोजल्या त्या एकाच खातेदाराच्या पासबुकातल्या ओळी.

ओळी मात्र आहेत मजेदार. कपबश्यांचा सेट असतो. त्यातली एक बशी फुटली की सेट संपतो आणि उरतात ती भांडी. टेनिसमध्ये सेट असतो. सूर्य सेट होतो तेव्हा तो बुडतो आणि जेली सेट होते तेव्हा ती आकाराला येते. गजर सेट करतात, टेबल सेट करतात, मोडलेलं हाड सेट करतात. सिनेमाचा सेट म्हणजे तर जे नाही ते आहे असं दाखवणं. ‘शोले’तलं रामगढ कर्नाटकात रामनगरजवळ उभारलं होतं. १९७५ पासून आपण त्या गावाला ओळखतो, पण तिथं तलाठी कधी नेमला गेला नाही.

या शब्दाच्या पुढंमागं एखादं शेपूट जोडलं की तो पार बदलतो. सेट अप म्हणजे मांडामांड. पण एखाद्याला सेट अप केलं म्हणजे बिचारा अडकवला गेला. सेटबॅक म्हणजे फटका. आणि सेट ऑफ म्हणजे काय, हे आम्हां बँकवाल्यांना विचारा. एकाच माणसाची आमच्याकडे ठेवही आहे आणि थकलेलं कर्जही आहे, तर त्या ठेवीतून कर्ज वळतं करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. त्याचं नाव सेट ऑफ. त्या दिवशी तो गृहस्थ काउंटरवर येऊन जे बोलतो, त्याचे अर्थ मात्र ऑक्सफर्डमध्ये शोधू नयेत. ते मराठीत असतात आणि त्यांना एकेकच अर्थ असतो.

इतक्या अर्थांच्या गर्दीत या शब्दाचं मूळ कुठं? तर त्याचं मोठं कुटुंब ‘सिट’ या क्रियापदाकडे जातं. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. (कपबश्यांचा सेट मात्र दत्तक आलेला, तो फ्रेंचमधून शिरला.) हे कळलं आणि माझ्या मनातला इंग्रजीचा दरारा निम्म्यावर आला. कारण बसवण्याच्या बाबतीत मराठी माणूस कुणाला हार जाणार? आपण गणपती बसवतो, नळ बसवतो, कवळी बसवतो, अंगठीत खडा बसवतो. नाटक बसवतो, गाण्याला चाल बसवतो, संसाराची घडी बसवतो. दंड बसवतो, जरब बसवतो आणि नाहीच जमलं तर पुढ्यातल्याला दोन ठेवून बसवतो. इंग्रजाचा सेट यातल्या निम्म्या ठिकाणी तरी आपल्याच पाटावर बसलेला दिसेल.

एवढं सगळं घरात असताना आपण तो शब्द उसना आणला. आणून काय केलं? तर त्याचे ४३० अर्थ बंदरावरच उतरवून ठेवले आणि एकच घरी आणला. तो अर्थ आपल्या काकूंच्या तोंडून ऐकावा.

“काय हो भाऊजी, तुमचा धाकटा सेट झाला का?”

इंग्रज लोकही ‘सेट फॉर लाइफ’ म्हणतात, नाही असं नाही. पण ते एखाद्याला घबाड मिळालं तर. आपल्याकडे हा प्रश्न सरसकट सगळ्यांना, दहावीच्या निकालापासून चालू. पोरगा पदवीधर झाला? छान, पण सेट कधी होणार? नोकरी लागली? पर्मनंट नाही ना, मग सेट नाही. पर्मनंट झाला? लग्न नाही. लग्न झालं? भाड्याच्या जागेत राहतात हो अजून. जागा घेतली? “लोन आहे ना डोक्यावर!” असं काकू म्हणतात आणि माझ्याकडेच बघतात, जणू ते लोन मीच मंजूर केलंय. मुलींच्या बाबतीत या यादीतला लग्नाचा आकडा तेवढा वर सरकतो. बाकी फॉर्म तोच.

या अर्थानं माणसाचा छळ कसा होतो, हे पाहायचं तर कॉलेजातल्या मास्तरांकडे बघा. प्राध्यापक व्हायला राज्य पात्रता परीक्षा असते. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की होतं ‘सेट’. महाराष्ट्रात ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. आता ही परीक्षा पास झालेली कितीतरी मंडळी तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, सुट्टीत काही नाही. माझ्या नात्यातला एक मुलगा त्यांतलाच. हुशार, शिकवतो मन लावून. परवा एका मुंजीत मामांनी त्याला गाठलं.

“काय रे, सेट झालास का?”

“झालो की मामा, चार वर्षं झाली.”

“वा! कुठं?”

“कुठंच नाही. परीक्षा सेट आहे. मी नाही.”

सगळे हसले. तोही हसला. पण पंगतीत तो माझ्या शेजारी होता आणि त्याच्या पानातली जिलबी शेवटपर्यंत तशीच होती. विनोदावर पोट भरणारा मी माणूस. पण हा विनोद काही मला पचला नाही.

माझी या शब्दावर खरी टीका आहे ती इथंच. मूळ क्रियापद आहे बसवण्याचं. म्हणजे बसवणारा कुणी वेगळा आणि बसणारा वेगळा. ‘मुलगा सेट झाला’ याचं सरळ मराठी करा: मुलाला बसवला. कुणी बसवला? कुठं बसवला? त्याला तिथं बसायचं होतं का? सरळ मराठीत बोललो असतो तर हे प्रश्न आपोआप उठले असते. ‘सेट’ म्हटलं की उठत नाहीत. तेही सेट होतात! शिवाय ‘घरी बसवला’ याचा आपल्याकडे काय अर्थ होतो, तो वेगळा सांगायला नको. गणपतीचंसुद्धा बरं असतं. त्याला बसवतानाच उठवण्याची तारीख ठरलेली असते.

हा शब्द नीट वापरणारे लोक मला दोनच भेटले. पहिले क्रिकेटवाले. ‘फलंदाज आता सेट झालाय’ असं समालोचक म्हणाला की आमच्या घरात कुणीतरी लाकडाला हात लावतं, कारण पुढच्याच षटकात तो परत येण्याची दाट शक्यता. सेट होणं म्हणजे बाद न होण्याची हमी नव्हे, हे खेळणाऱ्याला ठाऊक असतं.

दुसरे सिमेंटवाले. साध्या पोर्टलँड सिमेंटला भारतीय मानकाप्रमाणे नियम आहे: ते ३० मिनिटांच्या आत सेट व्हायला लागता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत पूर्ण सेट झालं पाहिजे. म्हणजे दहा तासांत निकाल! आपल्या पोरांना तीस वर्षं पुरत नाहीत ती नाहीत, शिवाय अर्ध्या तासाच्या आत घाई करू नये, हा नियम आपल्याला ठाऊकच नाही. आणखी एक गोष्ट गवंडी सांगेल. सेट झालं म्हणजे सिमेंट मजबूत झालं असं नव्हे. खरी ताकद येते पुढं, रोज पाणी मारून, आणि ती मोजतात अठ्ठावीस दिवसांनी. आपण पोरगा सेट झाला की पाणी मारायचं बंद करतो आणि पेढे वाटतो.

आणि सेट म्हणजे कायमचं, असंही कुठं आहे? ज्या नोकरीला आमच्या वडीलधाऱ्यांनी या शब्दाचा शिक्का मारला, ती बँकेचीच. २०००-०१ साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि वीस-वीस वर्षं सेट असलेली माणसं हार-नारळ घेऊन उठली. १ एप्रिल २०२० ला तर दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. खुर्ची तीच राहिली, पाटी बदलली. जिथं बँकाच सेट नाहीत, तिथं कारकुनाची काय कथा?

ऑक्सफर्डच्या मंडळींनाही बहुधा हे उमगलं असावं. नव्या आवृत्तीचं काम चालू असताना २०११ साली बातमी आली की ‘सेट’चा पहिला नंबर गेला. नवा शब्द ‘रन’. त्याच्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले आणि ते लावायला एका संपादकाचे नऊ महिने गेले. बघा, बसलेल्याला शेवटी पळत्यानं गाठलंच!

तेव्हा माझा अभिप्राय असा: कपबश्यांपुरता, टेनिसपुरता, जेलीपुरता ‘सेट’ हा शब्द उत्तम आहे. माणसांसाठी तो वापरू नये. आणि मुंजीत पोरं भेटली की विचारायचं काय, अशी पंचाईत वाटत असेल, तर आपल्या आजोबांचा प्रश्न अजून वापरात आहे, त्याला व्याजही लागत नाही. ते विचारायचे, “कसं काय चाललंय?” त्यात बसण्याचा विषयच नाही. चालण्याचा आहे. लखपतीपासून तासिकेवरच्या मास्तरापर्यंत कुणीही मान वर करून उत्तर देऊ शकतो, “चाललंय.”

आणि हो, एवढं बोलून झालं की जिलबी गोड लागते.