सर्पगंधा ते रेसर्पिन : एका औषधाच्या इतिहासलेखनाची समीक्षा

प्रस्तावना :
मनोविकारांवरील आधुनिक औषधांच्या आरंभकाळात क्लोरप्रोमाझिनच्या बरोबरीने ज्या द्रव्याचा उल्लेख करावा लागतो, ते द्रव्य म्हणजे रेसर्पिन होय. त्याच्या इतिहासाची मांडणी प्रामुख्याने दोन प्रकारे केली जाते. एकीत प्राचीन भारतीय ज्ञानाचा गौरव असतो. दुसरीत बासेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये म्युलर, श्लिट्लर व बाइन यांनी हे द्रव्य वेगळे केले, तेथूनच आरंभ केला जातो. या दोन्ही मांडण्या अपुऱ्या आहेत.

विवेचन :
पहिली मांडणी मुळी आणि रेणू यांतील भेद पुसून टाकते. सर्पगंधेच्या मुळीत अनेक अल्कलॉइडे असतात. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान व रफत हुसेन सिद्दिकी यांनी अजमलिनसह काही अल्कलॉइडे वेगळी केली. परंतु मुळीच्या शामक गुणाचे प्रमुख कारण असलेले रेसर्पिन त्यांत नव्हते. इंडोल वलयावर उभा असलेला सांगाडा, ट्रायमेथॉक्सीबेंझोइक आम्लाचे एस्टर आणि सहा असममित कार्बन केंद्रे अशी त्याची रचना आहे. वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये केलेले तिचे संश्लेषण सेंद्रिय रसायनशास्त्रातील मोठे यश ठरले. मुळीचा अनुभव म्हणजे रेणूचे ज्ञान नव्हे.

दुसरी मांडणी मधला दुवाच गाळते. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंवरील या मुळीचा उपयोग नोंदविला होता. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. मनोरुग्णांवरील उपयोगाचा नेथन क्लाइन यांचा अहवाल १९५४ चा आहे. १९५७ मध्ये वकील व क्लाइन हे दोघेही लास्कर पुरस्काराचे मानकरी ठरले, हे येथे लक्षणीय आहे.

दोन्ही मांडण्या यशापाशी थांबतात, हा त्यांचा समान दोष होय. रेसर्पिन चेतापेशींतील डोपामिन, सेरोटोनिन आदींची साठवण रोखते. साठा रिता होतो व उन्माद शमतो. त्याच कारणाने कंपवातासारखी लक्षणेही उद्भवतात. अशा दुष्परिणामांमुळे हे औषध मनोविकारचिकित्सेत मागे पडले. परंतु रेसर्पिनने निश्चल झालेले प्राणी एल-डोपाने पुन्हा हालचाल करू लागतात, हे कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले आणि कंपवाताच्या उपचाराची दिशा सापडली. औषधाच्या मर्यादेतूनच नवे ज्ञान जन्मास आले.

समारोप :
सारांश, रेसर्पिनचा इतिहास केवळ परंपरेचा नाही आणि केवळ प्रयोगशाळेचाही नाही. वैद्य, चिकित्सक व रसायनशास्त्रज्ञ यांच्या परस्परावलंबी परिश्रमांचा तो इतिहास आहे. वर्गात तो अर्धवट शिकविला गेल्यास विद्यार्थ्याच्या पदरी पोकळ अभिमान तरी पडतो किंवा न्यूनगंड तरी. विज्ञानदृष्टी मात्र पडत नाही.