मैदान मुळशीचं, बँड कुणाचा?

मुळशी तालुक्यानं रॉकला जागा दिली, हे मान्य करायला हवं. २०१६ मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव मारुंजीच्या लाइफ रिपब्लिकमध्ये भरला आणि स्टीव्हन विल्सनसारखा इंग्लंडचा वादक तिथे येऊन गेला. पुढच्या वर्षी ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टवर सनबर्न आला. (तो डीजेंचा बाजार, बँडचं त्यात काय काम!) मराठीत गाणारा रॉक बँड मात्र अशा मंचांवर शोधावाच लागतो.

याचं कारण गुणवत्तेत नाही, पोटापाण्यात आहे. महेश तिनईकरांची गिटार असलेला मुंबईचा रॉक मशीन १९८४ मध्ये उभा राहिला. इंग्रजी गाण्यांवर त्यानं तरुणांची गर्दी खेचली, १९९३ मध्ये इंडस क्रीड असं नाव घेतलं, काही वर्षांनी तो पांगला आणि २०१० मध्ये पुन्हा जमला. पुण्याच्या ‘अग्नी’ या बँडमध्ये कौस्तुभ ढवळे आणि मोहन कन्नन. २००७ च्या पहिल्या अल्बमनंतर त्यांना तगवलं ते हिंदीनं आणि ‘रोडीज’च्या गाण्यांनी.

गावातला ढोल-लेझीमचा ताफा पिढ्यानपिढ्या चालतो, कारण त्याच्या पाठीशी जत्रा, लग्नं, गणपती आहेत. सुपारी ठरलेल्या दिवसांची असते, पोरं जुन्यांच्या मागे उभी राहून हात बसवतात. रॉक बँडला असं पंचांग नाही. कॉलेज सुटलं, हिंजवडीत नोकरी लागली, की सराव रविवारवर येतो. ड्रमरचं लग्न ठरलं की रविवारही जातो.

ज्यांनी पंचांग मिळवलं, त्यांची गोष्ट वेगळी आहे. कबीर शाक्य यांचा धम्म विंग्ज हा बँड बुद्ध-आंबेडकरांची गाणी रॉकमध्ये गातो; भीमजयंतीचा श्रोता त्याला आयता लाभतो. अभंग रिपोस्ट या बँडनं संतांचे शब्द घेतले आणि आजी-नातवंडांना एका मैफलीत बसवलं. काम चोख, वादनात जान आहे. पण माझी तक्रार इथेच सुरू होते. तुकोबांचे शब्द हाताशी असले की फसण्याची भीती उरत नाही, आणि स्वतःचं लिहिण्याची निकडही.

मुळशीत जमीन विकून आलेला पैसा, तो संपल्यावरचं रिकामपण, त्यातून पेटलेली पोरं: रॉकला याहून अस्सल विषय कुठला? तो २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटानं उचलला, बँडनं नाही. पुढच्याच वर्षी मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटानं आरेच्या जंगलासाठी ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. एमसी मवालीच्या मराठीशेजारी आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात गातात. ना ड्रमसेट, ना गिटारचा लांबलचक सोलो. रॉकवाल्यांकडे दोन्ही आहेत, पण जमिनीवरचं गाणं रॅपवाल्यांनी आधी लिहिलं.