रहस्य कोणासाठी?

परवा कबनूरच्या आमच्या वस्तीत, समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधून ‘सामना’ दाखवला. समोर महाविद्यालयातली मुले होती, पाळी संपवून आलेले मागवाले होते, काही म्हाताऱ्या बाया होत्या. मारुती कांबळेचे नाव पहिल्यांदा निघाले आणि माझ्या शेजारची आजी म्हणाली, “मारला असंल की त्येला. त्यात इचारायचं काय?” मुलांची उत्कंठा जाऊ नये म्हणून मी तिला गप्प केले. घरी येताना कळले, चूक माझी होती. आजीने एका वाक्यात समीक्षा केली होती.

ती समीक्षा कोणती, हे समजण्यासाठी कथनशास्त्राकडे जावे लागेल. त्स्वेतान तोदोरोव या विचारवंताने १९६६ साली शोधकथेची फोड करून दाखवली. तिच्यात दोन कथा असतात: एक गुन्ह्याची, दुसरी शोधाची. दुसरी सुरू होते तेव्हा पहिली संपून गेलेली असते. दुसऱ्या कथेतली माणसे फारसे काही करत नाहीत. ती जाणून घेतात. वाचकही त्यांच्याबरोबर अज्ञानातून ज्ञानाकडे जातो.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या १९७५ सालच्या या चित्रपटाला हे गणित चपखल बसते. दारूत बुडालेला, कोणाचाच नसलेला मास्तर गावात येतो. साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील त्याला वाड्यावर नेतो, खाऊपिऊ घालतो, आपले वैभव दाखवतो. शोधकर्ता बाहेरचा आहे. त्याला काही ठाऊक नाही. मग एक नाव कानावर पडते आणि मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न उभा राहतो.

आता आरंभाकडे नीट पाहा. आपण गावात कोणाबरोबर शिरतो? मास्तरबरोबर. कुठे उतरतो? वाड्यावर. म्हणजे प्रेक्षकाचे अज्ञान हे वाड्यावरच्या पाहुण्याचे अज्ञान आहे. तेवढ्यामुळेच रहस्य तयार होते. हाच कॅमेरा कांबळ्याच्या दारातून निघाला असता, तर रहस्य उरलेच नसते. आमच्या भागात हे आडनाव कानावर पडले की बाकीचे सांगावे लागत नाही. वस्तीला पहिली कथा आधीच माहीत असते. ती लपलेली नसते, दाबलेली असते.

इथे तोदोरोवचे सूत्र आपल्याला अपुरे पडते. सवर्ण वाचकासाठी दुसरी कथा जाणण्याची असेल. आपल्यासाठी ती बोलण्याची आहे. गावात प्रश्न अडतो तो माहितीपाशी नाही, साक्षीपाशी. उद्या ज्याच्या उसात भांगलायला जायचे, त्याच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार? मास्तर येण्याआधी गावात जी शांतता होती, ती अशा बंद तोंडांची होती.

याचा अर्थ ‘सामना’ खोटा आहे असा नाही. ज्याचे अन्न खाल्ले त्यालाच मास्तर जाब विचारतो, आणि हिंदुरावाची सत्ता हादरते. मराठी पडद्यावर हे धाडस मोठे होते. पण विचारणारा बाहेरून यावा लागला, ही त्या रचनेची मर्यादा आहे. आमच्या जवळच्याच माणगावात मार्च १९२० मध्ये परिषद भरली. शाहू महाराजांसमोर, तरुण आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली, इथली माणसे आपले दुःख आपल्या तोंडाने बोलली. म्हणजे दुसरी कथा वस्तीतूनही सुरू होऊ शकते, हे याच मातीत घडून गेले आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे: परकीय सिद्धांत नाकारू नका, वापरा. पण कोणतीही रहस्यकथा हाती घेतली की आधी विचारा, हे रहस्य कोणासाठी आहे? पुढच्या वेळी चित्रपट दाखवीन तेव्हा आजीला गप्प करणार नाही. चित्रपट थांबवीन आणि तिला पुढे बोलू देईन.